नाश्ता खाल्ला, म्हणजे ठीक

माझ्या डोक्यावर उजव्या बाजूला, केसांच्या आत, दोन खळगे आहेत. दिसत नाहीत, पण बोट फिरवलं की लागतात. पाच आठवडे आत साचत राहिलेलं रक्त डॉक्टरांनी तिथून बाहेर काढलं. मी बरा झालो. डावा पाय अजून जिना उतरताना क्षणभर विचार करतो, एवढंच.

असं दुखणं ज्यांच्या घरी आलं असेल त्यांना उपयोग व्हावा म्हणून लिहितोय. पण माझं पडणं सांगायचं तर त्याआधी आणखी एका बाईंचं पडणं सांगायला हवं. ते मी जवळजवळ दीड वर्ष कोणाला सांगितलं नव्हतं. मी मुळात कमी बोलणारा माणूस. कमी बोलणं आणि लपवणं यांच्यामधली रेघ कुठे असते, हे मला हॉस्पिटलच्या खाटेवर पडल्यावर शोधावंसं वाटलं.

आमचा नियम

मी त्रेपन्न वर्षांचा. सातपूरच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळलं, तो बंद पडल्यावर गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला असलेल्या एका वृद्ध शुश्रूषा केंद्रात व्यवस्थापक म्हणून लागलो. बावीस आजी-आजोबा, सहा मावश्या, दोन नर्स, आठवड्यातून दोनदा येणारे एक डॉक्टर. मला सगळे भाऊ म्हणतात.

म्हातारी माणसं पडतात. रोज नाही, पण पडतात. पलंगावरून उतरताना, चप्पल शोधताना, न हाक मारता बाथरूमला जाताना. प्रत्येक वेळी प्रश्न एकच: घरच्यांना कळवायचं का, आणि कधी?

सुरुवातीला मी लगेच कळवायचो. जाधवकाका म्हणून एक गृहस्थ होते, अंगणातल्या जांभळाभोवती रोज वीस फेऱ्या मारायचे. एकदा तिथेच घसरले. खरचटलंसुद्धा नाही. मी मुलाला फोन केला. मुलगा तासाभरात हजर. "आजपासून यांना एकट्याने उठू द्यायचं नाही. लिहून देतो." खुर्ची आली, मग खुर्चीचा पट्टा आला. सहा महिन्यांत काकांना धरूनसुद्धा उभं राहता येईना. एके दिवशी मला म्हणाले, "भाऊ, मला पडण्यानं काही केलं नव्हतं. तुझ्या फोननं केलं."

ते मला लागलं. तेव्हापासून मी एक नियम केला. कुठे लिहिला नव्हता, पण मावश्यांना पाठ होता. रक्त नाही, सूज नाही, हातपाय हलतायत, तर दुसऱ्या दिवशीच्या नाश्त्यापर्यंत थांबायचं. नाश्ता नीट खाल्ला, म्हणजे ठीक. मग फोन नाही, रजिस्टरमध्ये नोंदही नाही.

मला ती माया वाटायची. फोनवरची बोलणी टळायची, हेही खरं. दोन्हींचा वाटा किती, ते मी तेव्हा कधी तपासून पाहिलं नाही.

बाई

बाई म्हणजे घोटीच्या शाळेतल्या निवृत्त शिक्षिका. वय ऐंशीच्या पुढे. मुलगी विद्या वणीला बँकेत नोकरीला, तिचं घर वरच्या मजल्यावर, जिना उभा, म्हणून बाई आमच्याकडे. सकाळी दुधात पोळी कुस्करून खायच्या, मग पेपर, मग पेपरातलं शब्दकोडं. तेही पेनाने. पेन्सिल वापरणाऱ्यांचा आत्मविश्वास कच्चा असतो, असं म्हणायच्या.

एका संध्याकाळी पाचच्या सुमाराला लतामावशींची हाक आली. लतामावशी आमच्या सगळ्यात जुन्या, त्याही घोटीकडच्याच.

"भाऊ, या लवकर! बाई पडल्या!"

बाई बेसिनजवळ भिंतीला टेकून बसल्या होत्या. चष्मा हातात, मोडलेला नाही.

"गवगवा नको करूस, लता. वर्गात उंदीर निघाल्यासारखी ओरडतेस."

"डोकं आपटलं ना बाई, मी आवाज ऐकला."

"आवाज बादलीचा होता."

मी बाईंच्या डोक्याला हात लावून पाहिला. मागे टेंगूळ नव्हतं. हात दाबायला सांगितले, दाबले. मला म्हणाल्या, "हे बघ भाऊ, विद्याला कळवायचं नाही. ती रजा टाकून धावत येईल आणि मला चाकाच्या खुर्चीत बसवून जाईल. जाधवांचं काय झालं ते मी पाहिलंय."

बाहेर आल्यावर लतामावशी म्हणाल्या, "भाऊ, पोरीला फोन लावा. डोकं हाय ते, नारळ नाय."

"उद्या सकाळी बघू."

दुसऱ्या दिवशी उपमा होता. बाई सगळ्यांबरोबर टेबलावर आल्या. मी मुद्दाम दारात उभा होतो. त्यांनी लिंबू पिळून उपमा खाल्ला आणि ताटली पुढे करून आणखी मागितला. मला इतकं बरं वाटलं की मी लतामावशींकडे पाहून भुवया उडवल्या. बघा, उगीच घाबरत होता.

फोन केला नाही. नोंदही केली नाही.

पुढच्या आठवड्यात विद्याताई आणि त्यांचे मिस्टर बाईंना पणतूच्या बारशाला वणीला घेऊन गेले. दोन दिवसांनी गाडीने आणून सोडलं. बाई हसतखेळत होत्या.

तीन आठवड्यांनी बाई दिवसा झोपायला लागल्या. कोडं अर्धवट राहायला लागलं. आम्ही म्हणालो, वय. मग एकदा त्यांनी लतामावशींना दुसऱ्याच नावाने हाक मारली. आमचे डॉक्टर आले, नाडी पाहिली, डोळ्यांत बॅटरी टाकली आणि माझ्याकडे वळून विचारलं, "मध्ये कधी पडल्या होत्या का?"

मी रजिस्टर उघडलं. पानं उलटली. म्हणालो, "तशी नोंद नाही, सर."

हे वाक्य मी शब्द न् शब्द लिहितोय, कारण त्यात एकही शब्द खोटा नव्हता. लतामावशी थर्मामीटर धरून शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग फरशीकडे.

डॉक्टरांनी लघवीचा संसर्ग धरला, सलाईन लावलं. चार दिवस त्यात गेले. पाचव्या दिवशी बाईंचा एक हात उचलेना, तेव्हा मोठ्या हॉस्पिटलात हलवलं. डोक्यात रक्त साचलं होतं. ऑपरेशन झालं, बाई वाचल्या. पण बोलणं आणि चालणं परत आलं नाही.

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात तिथल्या डॉक्टरांनी विद्याताईंना विचारलं, "डोक्याला मार बसल्याचं आठवतं काही?" त्या विचार करत राहिल्या आणि एकदम त्यांचा चेहरा उतरला. "वणीहून परत येताना दिंडोरीच्या अलीकडे गतिरोधक दिसला नाही. गाडी जोरात उडाली. आईचं डोकं काचेवर आपटलं. ती म्हणाली, काही नाही झालं…" त्यांचे मिस्टर मागेच उभे होते. गाडी तेच चालवत होते.

मी दोन पावलांवर होतो. मी काही बोललो नाही.

माझं पडणं

त्यानंतर साधारण सव्वा वर्षाने, एका रविवारी सकाळी मी घरी माळ्यावरची जुनी पेटी काढत होतो. स्टूल कलंडलं. डोक्याची बाजू दाराच्या चौकटीवर बसली. बायको, माधवी, भाजीला गेली होती. मी थोडा वेळ जमिनीवरच बसून राहिलो. मग पेटी परत वर ढकलली, स्टूल जागेवर ठेवलं.

हे मला फार कुतूहलाचं वाटतं. डोकं ठणकत असताना माणूस आधी स्टूल जागेवर का ठेवतो?

माधवी आली, पोहे केले. मला मळमळत होतं. ती समोर बसली होती, म्हणून मी पोहे संपवले आणि वर आणखी घेतले. ती म्हणाली, "आज भूक बरी आहे."

पाच आठवडे गेले. डोकं दुखायचं, मी चष्म्याचा नंबर वाढला असं धरलं. डावी चप्पल पायातून निसटायला लागली. मी नवी चप्पल घेतली, तीही निसटायला लागली. गोळ्यांच्या डब्या भरताना मी बुधवारचा कप्पा दोनदा भरला. शेवटी लतामावशींनीच टोकलं.

"भाऊ, डाव्या पायानं लादी झाडताय का? दोन दिस बघतेय. घासत चालता तुम्ही."

"दमलोय थोडा."

"बाई पण दमलेल्याच होत्या," त्या म्हणाल्या आणि बादली उचलून निघून गेल्या. दीड वर्षात त्या विषयावर त्या एवढंच बोलल्या.

मी त्याच दिवशी माधवीला घेऊन डॉक्टरांकडे गेलो.

तोच प्रश्न

डॉक्टरीण बाई तरुण होत्या. डोळे मिटून हात समोर धरायला लावले. माझा डावा हात हळूहळू खाली येत होता, हे मला डोळे उघडल्यावर कळलं. मला वाटत होतं, दोन्ही सरळ आहेत.

त्यांनी विचारलं, "अलीकडे पडला होतात का?"

मी म्हणालो, "नाही."

विचार करून नव्हे. तोंडातून आलं. लगेच माधवी म्हणाली, "नाही हो मॅडम, पडले असते तर मला सांगितलं असतं."

तिचं ते वाक्य ऐकलं आणि मला व्हरांड्यातल्या विद्याताई दिसल्या. टेबलावर कुठलंही रजिस्टर नव्हतं, उलटायला पानं नव्हती.

"पडलो होतो," मी म्हणालो. "पाच आठवडे झाले. रविवारी. डोकं चौकटीवर आपटलं."

माधवीने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने पर्सची चेन उघडली आणि बंद केली. डॉक्टरीण बाईंनी पुढचा कागद ओढला. "मग आजच स्कॅन करू. बरं झालं सांगितलंत, नाहीतर मी मानेपासून सुरुवात केली असती."

दुपारी रिपोर्ट आला, संध्याकाळी ॲडमिट, दुसऱ्या सकाळी ऑपरेशन. भीती वाटली का? वाटली. अर्धं डोकं भादरताना सर्वांत जास्त वाटली. पण त्याहून जास्त मला माधवीच्या गप्प बसण्याची वाटत होती.

वॉर्ड

ऑपरेशननंतर दोन दिवस सपाट पडून राहायचं होतं. डोक्यातून एक नळी खालच्या पिशवीत जायची. सुरुवातीला त्यात काळपट काहीतरी यायचं, अगदी जुन्या इंजिन ऑइलसारखं. मी कारखान्यातला माणूस, मला ते बघावंसं वाटायचं. सिस्टर ओरडायच्या, "मान हलवू नका, पिशवी कुठे पळून जात नाही!"

दर दोन तासांनी त्या येऊन तेच विचारायच्या. नाव काय? कुठे आहात? बोट दाबा. पाय ढकला. मिनिटभराचं काम. तिसऱ्या की चौथ्या वेळी बोट दाबताना माझ्या लक्षात आलं की हे आम्हाला बाईंच्या बाबतीत करता आलं असतं. दोन दिवस, नंतर रोज एकदा. यंत्र लागत नाही. आम्ही त्याऐवजी ताटली पाहिली.

उठून बसता आल्यावर मला एक नाद लागला. वॉर्डातल्या प्रत्येकाला विचारायचं, तुम्ही कसे पडलात? सात जण होते. एकही जण "मी पडलो" म्हणाला नाही. फरशी ओली होती. कुत्रं आडवं आलं. सुनेने पायपुसणं सरकवलं. सुरगाण्याकडच्या एका आजोबांनी सगळा दोष शेळीवर टाकला आणि वर म्हणाले, "शेळी चांगली आहे, तिला बोलू नका." मी विचारलं, घरी लगेच सांगितलंत? सातांपैकी पाच जण नाही म्हणाले. का? "उगीच" हे उत्तर चौघांचं होतं. पाचवे म्हणाले, "सांगितलं की शेतावर जाणं बंद."

म्हणजे जाधवकाका सगळीकडे होते.

माधवी दिवसभर शेजारी बसायची, संत्रं सोलून द्यायची, पण कामापुरतंच बोलायची. तिसऱ्या दिवशी नळी काढली. ती म्हणाली, "मळमळत असताना दोनदा पोहे घेतलेत. मी समोर बसलेली, मला कळलं नाही. मला माझीच लाज वाटली. आणखी काय काय असं गिळून बसलाय?"

मग मी तिला बाईंचं सांगितलं. सगळं. नोंद नाही सर, ते वाक्यसुद्धा. तिने संत्र्याची सालं कागदात गुंडाळली, नीट घडी घातली.

"त्या माणसाला वाटतंय, गाडीमुळे झालं?"

"हो."

"दीड वर्ष?"

"जवळपास."

"टाके निघाले की वणीला जायचं," ती म्हणाली.

ज्यांचं कोणी केंद्रात आहे त्यांच्यासाठी

कामावर परत गेल्यावर आधी मी संचालिकाबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, वकिलांना विचारल्याशिवाय कुठे बोलू नका. मी म्हणालो, बोलणार आहे. मी अजून तिथे कामाला आहे. किती दिवस, ते माहीत नाही.

त्या दिवसापासून कोणी पडलं की डॉक्टरांना आणि घरी त्याच तासात फोन. पाहिलं असो की फक्त आवाज ऐकलेला असो. डोकं आपटल्याची शंका जरी आली तरी थांबायचं नाही, दाखवून आणायचं. नाश्ता खाल्ला की नाही, याच्याशी संबंध नाही. पहिलाच फोन केला तर समोरून चिरंजीव म्हणाले, "काही लागलं नाही ना? मग मीटिंगमध्ये कशाला फोन केलात?" मी म्हणालो, "कळवायला." सगळे असं म्हणतील असं नाही, काही ओरडतीलही. पण ओरडणाऱ्यांना एक विनंती. पडल्याचं कळलं की लगेच चालणं बंद करू नका. तुमच्या त्या भीतीपायी तुमची माणसं खोटं बोलायला शिकतात, आणि आमच्यासारखे त्यांना साथ देतात.

वणी

टाके निघून तीन आठवडे झाले होते. माधवी बरोबर यायला तयार होती. मी म्हटलं, एकटा जातो. बसने गेलो. दिंडोरीजवळ तो गतिरोधक आला. बस सावकाश चढली आणि उतरली.

विद्याताईंनी आता तळमजल्यावर भाड्याने घर घेतलं होतं. अंगणात गाडी उभी होती, कव्हर घातलेली, कव्हरवर शेवग्याचा पाला साचलेला. बाई समोरच्या खोलीत पलंगावर होत्या. उशीला टेकवलेल्या, केस बारीक कापलेले. मला ओळखलं की नाही, कळलं नाही.

"भाऊ! आणि डोक्याला काय झालं तुमच्या?" विद्याताईंनी विचारलं.

तिथून सुरुवात करणं सोपं गेलं. माझं सांगितलं आणि मग न थांबता बाईंचं. बारशाच्या आधीच्या आठवड्यात, संध्याकाळी पाच, बेसिनजवळ. लतामावशींनी आवाज ऐकला. मी फोन केला नाही. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी नोंद नाही म्हणालो. तुम्ही व्हरांड्यात गाडीचं सांगितलंत तेव्हा मी तिथेच होतो.

विद्याताई बाईंची चादर सरळ करत राहिल्या. मग विचारलं, "फोन का नाही केलात?"

"आमचा एक नियम होता. दुसऱ्या दिवशी नाश्ता खाल्ला, तर ठीक."

"आणि आईने खाल्ला?"

"दोनदा घेतला."

"काय होतं?"

"उपमा."

विद्याताईंनी चादर सोडली. "आई उपमा खात नाही. आयुष्यात नाही. आमच्या घरी उपमा व्हायचा तेव्हा ती दूध-पोळी खायची." त्या बाईंकडे वळल्या. "माहीत होता ना गं तुला यांचा नियम? सगळ्यांनाच माहीत असेल."

बाई खिडकीकडे पाहत होत्या.

रोज सकाळी दूध-पोळी. मी आठ वर्षं त्या दारात उभा होतो आणि प्रत्येकाची ताटली पाहत होतो. उपमा मागून घेणाऱ्या बाईंना पाहून मी भुवया उडवल्या होत्या. त्या मला खाऊन दाखवत होत्या. जसे मी माधवीला पोहे खाऊन दाखवले.

"मला माफ करा, असं मी म्हणणार नाही," मी म्हणालो. "ते मागायलाही…"

"नकाच म्हणू." त्यांनी टेबलावरची वही माझ्यापुढे सरकवली. "हे लिहून द्या. तोंडी नको. दिवस, वेळ, कोण होतं, सगळं. आमचे हे तेव्हापासून स्टिअरिंगला हात लावत नाहीत. मी समजावून थकले, आणि समजावताना मलाही वाटायचं की यांच्यामुळेच झालं."

मी लिहिलं. दीड पान झालं. मी लिहिलं की बेसिनजवळ पडल्यामुळे झालं की गाडीतल्या मारामुळे, हे आता कोणी छातीठोक सांगू शकणार नाही. पण पडणं आधीचं होतं आणि ते फक्त मला आणि लतामावशींना माहीत होतं. बोलायचं ते माझं काम होतं. खाली सही केली.

विद्याताईंनी आतल्या खोलीकडे हाक मारली. "अहो, जरा इकडे या. हे वाचा."

ते आले. मला नमस्कार केला, कारण त्यांना अजून माहीत नव्हतं. उभ्या उभ्या वाचलं, पान उलटून पुन्हा पहिल्यापासून वाचलं. वही टेबलावर ठेवली. माझ्याकडे एकदाही न पाहता खुंटीवरची किल्ली घेतली आणि बाहेर गेले. कव्हर ओढल्याचा आवाज आला, पाला खाली पडला. मग किल्ली फिरवल्याचा. इंजिन कुरकुरलं आणि थांबलं. पुन्हा फिरवली. पुन्हा तेच.

"तुम्ही निघा आता, भाऊ," विद्याताई म्हणाल्या.

मी चपला घातल्या. डावी आता पायात राहते. अंगणातून जाताना गाडीच्या काचेमागे ते दिसले, दोन्ही हात स्टिअरिंगवर, मान खाली. मी थांबलो नाही. फाटक लावून रस्त्यावर आलो, तेव्हा मागे तिसऱ्यांदा किल्ली फिरल्याचा आवाज आला.